शेरा

वेळापत्रकात लिहिलंय दुपारी दोन ते सहा.
पण दुपारी विद्यापीठ चौकात मेट्रोचं काम चालतं
आणि इथे, प्रयोगशाळेच्या भिंतीवर,
आमची लाल कडी चहावरच्या सायीसारखी थरथरतात.
मोजायला जावं तर पसार.

म्हणून केळुसकर मॅडमनी रात्रीच्या परवानगीवर सही केली.
धुमाळमामांनी किल्ल्यांचा जुडगा पुढे सरकवला,
म्हणाले, आरशाच्या तोंडाला बोट लावायचं नाही.
बाकी फिजिक्स तुमचं तुम्ही बघा.

वसतिगृहाच्या वहीत, बाहेर जाण्याचं कारण या रकान्यात,
तस्नीमनं लिहिलं : प्रकाश.
रेक्टरबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. खोडलं नाही.

वडांच्या पारंब्यांखालून पावणेदोनला दोघी,
मागे विभागाचं एक पिवळं कुत्रं,
ते पायरीपर्यंत येतं, आत कधीच येत नाही.

एक किरण. काचेवर त्याचे दोन होतात,
दोन वाटांनी जातात, दोन आरशांना शिवून परत येतात,
आणि भेटतात तिथे कुठे कुठे काळोख पडतो.
बारावीला हे डोळे मिटून लिहायचे मी :
प्रकाश अधिक प्रकाश, बरोबर अंधार. तीन मार्क.
भिंतीवर पाहिलं तेव्हा
बराच वेळ काही बोलायचं सुचलं नाही.
तस्नीम म्हणाली, स्क्रू फिरवू का आता?

ती फिरवते, मी मोजते.
मधला ठिपका एकेक कडं गिळत जातो.
वन, टू, थ्री करत सुरू होतं, तिसाच्या पुढे मराठीत घसरतं.
एकोणचाळीस. एकोणपन्नास. एकोणसाठ.
नऊ आला की आपण पुढच्या दहाचं नाव आधीच घेऊन टाकतो,
हे एवढ्या वर्षांत ध्यानात आलं नव्हतं.
(नव्याण्णवला मात्र कुणी एकोणशंभर म्हणत नाही.
का, ते पहाटे तीन वाजता विचारू नये.)

त्र्याहत्तरला चौकातून सिमेंटचा मिक्सर गेला.
आधी नळातल्या थेंबाला कळलं, मग टेबलाला, मग भिंतीला.
गिळलं की ओकलं?
तस्नीमचा हात तसाच. माझा आकडा तोंडात अर्धा.
पुन्हा पहिल्यापासून.

प्रत्येक बॅचकडे एक जुनी फाईल असते
जिच्यात उत्तर बरोबर आहे.
आमच्या बॅगेतही होती. चेन उघडी होती.

बाबा मेहकरच्या बाजारात वजनकाटे दुरुस्त करतात.
किलोच्या बुडाशी शिसं असतं,
ते कानशीनं किती घासायचं हे त्यांच्या अंगठ्याला कळतं.
संध्याकाळी त्यांनी विचारलं, तिथे नेमकं करता काय?
म्हटलं, मोजतो.
म्हणाले, मग ठीक.
एका कड्यामागे आरसा किती सरकतो, ते सांगायचं राहिलं.
त्यांच्या कानशीच्या एका दातात असे हजार मावतील.

तिसऱ्या खेपेला शंभर झाले.
भागाकार केला. सहाशे एक्कावन्न.
यायला हवे होते सहाशे तेहतीसच्या आतबाहेर.
तस्नीमनं गणित उलटं फिरवलं, म्हणाली,
तू तीन कमी मोजलीस.
मी म्हटलं, तू भरभर फिरवलंस.
मग बिस्किटाचा पुडा संपेपर्यंत कुणीच काही म्हटलं नाही.

वहीत शेवटचा रकाना असतो, शेरा.
बहुतेक वह्यांमध्ये तो कोराच जातो.
मी लिहिलं : पहाटे तीन दहाला पुन्हा मिक्सर, थांबलो नाही.
तीन कडी निसटली असावीत.
तस्नीमनं खाली बारीक अक्षरात : स्क्रूचा वेगही जास्त.

सोमवारी वही परत आली.
मार्क नव्हते. बरोबरची खूण नव्हती, चूकही नव्हती.
आमच्या दोन ओळींखाली लाल शाईत
केळुसकर मॅडमचं तिरपं अक्षर :
आत की बाहेर?

धुमाळमामा जेवायला बसले होते.
डबा न झाकताच
डाव्या हातानं त्यांनी जुडगा पुढे सरकवला.